आबांचा आठवा अर्ज

हातोडीच्या एका टोल्यावर कुठल्याही वस्तूची लायकी सांगणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो जळगावात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आबा भुसावळला रेल्वेत चाकं तपासायचे. चाक ठोकायचं, कान देऊन ऐकायचं. 'फिट'च्या कागदावर त्यांची सही झाल्याशिवाय गाडी हलत नसे. रिटायर झाले तरी हात थांबेना. बाजारातलं कलिंगड, लग्नाच्या मांडवाचा खांब, माझी नवीकोरी स्कूटर, सगळ्यांना प्रसाद! स्कूटर तर 'अनफिट' ठरवून आठ दिवस दारात उभी करवली. पुढे तिचा एक नट खरंच ढिला निघाला, हे कबूल करायला मला अजून जिवावर येतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पेपरात बातमी आली, विमानांची तपासणी सरकार सुधारणार. झालं! आबा कागद घेऊन माझ्याकडे हजर. अक्षर माझं, डोकं त्यांचं, बोलणं अर्धं अहिराणी, अर्धं सरकारी.

"रेल्वेच्या अपघाताची चौकशी करणारा साहेब कोना हाताखाली शे?"

"रेल्वेच्याच असेल."

"चूक! विमान खात्याच्या. म्हणजे रेल्वेवाले त्याला दम देऊ शकत नाहीत. आन् विमानं तपासणारा? तोबी विमान खात्याचाच! लिही, त्याला रेल्वेकडे द्या."

मी पोट धरून हसलो, पण लिहिता लिहिता पटत गेलं. दिल्लीला असे सात अर्ज गेले. उत्तर एकाचंही नाही. मधे धुळ्याला कुणा मंत्र्याचं छोटं विमान उतरलं, तर हा गृहस्थ एस.टी.नं तिथं पोचला आणि हातोडी घेऊन थेट चाकाकडे निघाला. हवालदारानं दंड धरला. "चाक ठोकलं नाही आन् माणसं बसवता?" म्हणून आबांनी उलट त्यालाच झापलं.

मग त्यांच्या मुलीला, संगीताला, मस्कतच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. आबा अडून बसले. "पहिले सांग, फिट देणारा कोन शे? मंग जाय." रुजू व्हायची तारीख जवळ आली, पोरीचे डोळे रडून सुजले, आबा ढिम्म. शेवटी ती माझ्यादेखत उसळली.

"आबा, भुसावळला एकदा साहेबानं दम दिला तरी तुम्ही सही केली नव्हती, गाडी दोन तास उभी ठेवली होती. आतल्या एकाला तरी तुमचं नाव ठाऊक होतं का? तरी बसलेच ना ते?"

आबांनी हातातली हातोडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "जाय, बेटा."

तिच्या विमानाच्या चार दिवस आधी ते आठवा अर्ज घेऊन आले. कुणाच्या नावानं, विचारलं तर म्हणाले, "विमान फिट करणाऱ्याच्या. नाव मले ठाऊक नही." मजकूर एवढाच: 'साहेब, वरून कुणी कितीही दटावलं तरी मन मानत नसेल तर सही करू नका. शनिवारी माझी मुलगी आत आहे.' पाकिटावर मी 'विमानतळ, मुंबई' एवढंच लिहिलं आणि पेटीत टाकलं.

संगीता सुखरूप पोचली. आबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण विमानात बसलो आणि दार लागलं की मी मनात म्हणतो, ते पत्र कुणाला तरी मिळालेलं असू दे.