पावसाला बोललेला शब्द

हरणाबाईचं माहेर जतच्या दुष्काळी माळावरचं. तिथं पाऊस आला की माणसं आडोशाला पळत नाहीत, अंगणात येऊन उभी राहतात. आणि कितीही कोसळला तरी त्याला 'पुरे' म्हणायची कुणाची टाप नाही. म्हटलं की तो रुसतो, असा तिच्या आईचा धाक. नवऱ्याला, हरिबाला, कोयना धरणावर नोकरी लागली आणि बाई नवजाला येऊन पडली. तिथं आषाढात भिंतींना शेवाळ चढतं, लुगडी चुलीवर वाळवावी लागतात. हरिबा पावसाला रोज शिव्या घालायचा, ही त्याला गप्प करायची. उभा संसार ओलीत गेला, पण तो शब्द तिनं तोंडातून काढला नाही.

यंदा मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेक माया पलूसकडं, कृष्णेच्या काठावर दिलेली, त्यात पोटुशी. नवजाचा पाऊस धरणात, धरणाचं पाणी नदीत आणि नदी मायाच्या दारात. सकाळी पोर फोनवर म्हणाली होती, "आई, पानी पायरीला लागलंय गं." त्यानंतर फोनच लागेना. हरणाबाई चुलीपाशी बसे, उठे, दारात जाई, परत येई. आपल्या दारातलं पाणी आपल्याच लेकीच्या जिवावर उठलंय, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

"आगं बस की जरा," हरिबा म्हणाला. "तू येरझाऱ्या घातल्यानं पूर उतरतोय व्हय?"

ती बसली नाही. तशीच भर पावसात अंगणात गेली आणि वर बघून हात जोडले. "बास कर रं बाबा. पुरे झालं आता."

दुपारनंतर सर ओसरली. मग फोन वाजला. जतहून तिचा भाऊ बिरदेव बोलत होता.

"अक्का, माया सुखरूप हाय. जावयानं आमच्याकडं आणून सोडलीया."

हरणाबाईच्या डोळ्यांना धार लागली. बिरदेव पुढं म्हणाला, "हिकडं मातुर लय वंगाळ हाय. बाजरी करपाया लागलीया, मेंढरांना पानी न्हाई. तू पावसाच्या घरात ऱ्हातीस. आमच्यासाठी एक शबूद टाक की त्याच्याकडं."

तिनं फोन खाली ठेवला. बाहेरून हरिबा हरखून हाका मारत होता, "आगं ये, बघ तरी. आभाळ उघडलं."

ती उंबऱ्यापर्यंत गेली. वर बघायचा तिला धीर झाला नाही.