आरामशीनच्या भुशाची पिशवी

उमरेड रोडवरच्या आमच्या शेडमध्ये त्या शनिवारी मी डोकं धरून बसलो होतो... ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. प्लास्टिकच्या पिशव्या बनवायचा माझा छोटासा धंदा होता.

संत्र्याची कलमं लावायच्या पिशव्या फाटतात म्हणून नर्सरीवाले काका वैतागले होते. सोमवारी शेवटचा नमुना बघणार, नाही जमलं तर दुसरीकडे जाणार... आणि ते गेले की शेडला कुलूप.

माझ्या डोक्यात एक खूळ होतं. शेजारच्या लाकूड कापायच्या आरामशीनचा भुसा कॉस्टिक सोड्यात शिजवायचा, धुवायचा, आणि उरलेले पांढरे तंतू वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळायचे, म्हणजे पिशवीची फिल्म चिवट होईल.

पण तंतू वाळले की त्यांचे गोळे व्हायचे, आणि जिथे गोळा तिथे फिल्मला भोक! ओले घालावेत, तर वाफेचे फुगे...

कान माझे पहिल्यापासून तिखट. तंतू धुणाऱ्या जनामावशी सोबतच्या बाईजवळ पुटपुटल्या, "पाजलं नाही काही, अन् नुसता वाळवून राहिला."

मला वाटलं, टोमणा चहाचा आहे. ओशाळून लगेच टपरीवरून सगळ्यांना चहा मागवला.

मावशी पोट धरून हसल्या. "मले नाही गा भाऊ, तुह्या भुशाले पाज!"

मावशी उमरेडच्या, हातमागवाल्या घरातल्या. माग बंद पडला म्हणून माझ्याकडे कामाला आल्या होत्या. सुताला खळ लावायची, त्याला त्यांच्याकडे 'पाजणं' म्हणतात... पातळ खळ, त्यात थोडं तेल, आणि ओलं असतानाच कुंच्यानं धागा न् धागा सुटा करायचा. वाळवायचं ते मग.

रविवारी त्यांनी पदर खोचला. "सरक बाजूले, तुह्याच्यानं नाही होत," म्हणत तंतूंना खळ पाजली, कुंचा फिरवला, उन्हात पसरलं. संध्याकाळी हात घातला, तर माल पिंजलेल्या कापसासारखा मोकळा! रात्रीतच तो प्लास्टिकमध्ये मिसळून नमुन्याची पिशवी काढली.

सोमवारी काकांनी ओल्या मातीनं भरलेली पिशवी एका कोपऱ्याला धरून उचलली, झटकली, जमिनीवर आपटली... फाटली नाही. "बनव लेका," एवढंच म्हणाले.

शेड पुढे बरीच वर्षं चालली. हे काम नव्या माणसांना मावशींनीच शिकवलं, शिव्या देत देत.

डोकं माझं होतं असं लोक म्हणतात, आणि मीही आजवर गप्प बसून ते ऐकून घेतलं... आज लिहूनच टाकतो. ती शेड जनामावशींच्या हातानं वाचली.