एक वाजताचा भागाकार

टाळेबंदीनंतर कारखाने सुरू झाले होते आणि शाळा अजून बंद होत्या, त्या काही महिन्यांतली ही गोष्ट. आम्ही वराळ्यात राहत होतो. बायको नवलाख उंबरे गावापलीकडच्या एका डोंगरवाडीवर प्राथमिक शिक्षिका, मी बातमीदार. दोघांचंही काम घरून चाले. टेबल एकच होतं, त्यामुळे तिची शाळा मला रोज ऐकू यायची.

दूरस्थ शिक्षणासाठी वरून एक तक्ता आला होता. प्रत्येक मुलाचं नाव तीनपैकी एका रकान्यात घालायचं: स्मार्टफोन, साधा फोन, संपर्क नाही. तिसऱ्या रकान्यात गेलेलं मूल पुन्हा शाळेत येईल, याची खात्री वाडीवर कुणालाच नव्हती. चौथीतल्या एका मुलीच्या घरी साधा फोन होता. पण वाडीवर रेंज नव्हती आणि फोन सकाळीच वडिलांबरोबर कारखान्यात जायचा.

तोडगा वडिलांनीच काढला. दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत, ते फोन करत. बायको धडा सांगे. संध्याकाळी घरी जाऊन ते मुलीला शिकवत आणि दुसऱ्या दिवशी तिची उत्तरं कळवत. त्यांची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती. मागून सोबत्यांचा आवाज यायचा, "भाऊ, यंदा तरी पास व्हनार का?"

एकदा सत्त्याण्णव भागिले चारचं उत्तर आलं: तेवीस, बाकी पाच. बाकी भाजकापेक्षा मोठी कशी, असं बायकोनं विचारलं.

"पोरगी बी त्येच म्हनत व्हती, बाई. मीच दटावलं तिला. म्हनलं, बाईंनी असंच सांगितलंय."

त्यानंतर ते खोक्याच्या पुठ्ठ्यावर सगळं लिहून घेऊ लागले.

पुढे केंद्रप्रमुख तक्ता तपासायला आमच्याकडे आले. या मुलीच्या नावावर त्यांची पेन्सिल थांबली. विद्यार्थ्याशी थेट बोलणं होत नसेल तर नाव तिसऱ्या रकान्यात जाईल, असं त्यांनी सांगितलं. नियम तसाच होता. तेवढ्यात एक वाजला आणि बायकोचा फोन आला. फोन त्यांनीच उचलला, स्पीकरवर टाकला आणि मुलगी कुठं आहे असं विचारलं.

"घरी हाय, साहेब."

"मग शिकतंय कोण?"

"आदी मी. मंग ती."

भागाकारात बाकी किती उरावी, असं साहेबांनी विचारलं.

"भाजकापरीस ल्हान. न्हाईतर आजून भाग जातोय." मग ते म्हणाले, "ह्ये मला पोरीनं शिकवलं."

केंद्रप्रमुखांनी नाव होतं तिथंच ठेवलं. शेऱ्याच्या जागी लिहिलं: संपर्क आहे.

शाळा उघडली तेव्हा ती मुलगी पुढच्या वर्गात जाऊन बसली. एकचा फोन बंद झाला. व्हायलाच हवा होता. तरी बरेच दिवस त्या सुमाराला बायको शाळेत फोनकडे बघायची आणि मी घरी टेबलाशी घड्याळाकडे.