तेलाला आधी बोलू द्या

"तुमी थांबा. आधी तेलाला बोलू द्या."

गाडीचा मालक तोंड उघडायच्या आत उस्ताद हे वाक्य त्याच्या अंगावर टाकायचे. त्यांचं गॅरेज जिंतूर रोडवर, माझ्या ऑइल आणि स्पेअर पार्टच्या दुकानाला लागून. नुसतं पत्र्याचं शेड. हैदराबादेत बावीस वर्षं ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स उघडून ते परभणीला परत आले होते. असा माणूस आमच्याकडे दुसरा नव्हता आणि इतका रागीटही दुसरा नव्हता.

गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ते ओढून काढायचे. पट्टी नसलेल्या गाडीखाली शिरून बूच सैल करायचे. मग पांढऱ्या कागदावर दोन थेंब. लालभडक आणि नितळ असलं तर मालकाला सरळ घरी पाठवायचे. तपकिरी पडलं असलं, भाकरी करपल्यासारखा वास येत असला, तर आतल्या क्लच प्लेटा जळाल्या म्हणून समजायचं. बोटावर चोळून चमचम दिसली तर लोखंड झिजतंय. वास घ्यायला ते मालकालाच लावायचे. नाक मुरडणाऱ्याला म्हणायचे, "तुमच्याच गाडीची घाण हाय, घ्या."

एका डॉक्टरांना मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितलं होतं. उस्तादांनी तेल पाहिलं, काळपट होतं, पण जळका वास नव्हता, चुरा नव्हता. तेल आणि फिल्टर बदलला, गाडी पळायला लागली. डॉक्टर आभार मानायला लागले, तर उस्ताद भडकलेच. सहा वर्षं तेल का बदललं नाही, म्हणून त्यांनी त्या भल्या माणसाला रस्त्यावर उभं करून झापलं. कंपनी म्हणते हे तेल जन्मभर चालतं, असं डॉक्टर पुटपुटले. "कुणाच्या जन्मभर?" उस्तादांनी विचारलं. आम्ही दुकानदार शटराआड हसत होतो. तुम्हीही हसला असता.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही.

आमच्या भागातल्या एका संस्थाचालकाची मोठी ऑटोमॅटिक गाडी एका उन्हाळ्यात उस्तादांकडे आली. ती आणली होती त्यांच्या ड्रायव्हरने, माधवने. हा ताडकळसचा, चौदा वर्षं त्याच घरी नोकरी. इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, एवढंच तो म्हणाला. उस्तादांनी पट्टी काढली. तेल गुलाबी होतं, फेसाळलेलं, दूध घातलेल्या सरबतासारखं. मी तिथेच होतो. त्यांनी पत्र्याचा तुकडा स्टोव्हवर तापवला आणि दोन थेंब सोडले. मोहरी तडतडावी तसे थेंब तडतडले.

"पाणी गेलंय," ते म्हणाले. रेडिएटरच्या आतली नळी फुटली होती आणि तिथलं पाणी गिअरबॉक्समध्ये उतरत होतं. आत्ता गाडी बंद ठेवून सगळं तेल धुऊन काढलं तर वाचण्याची आशा होती. चालवली तर क्लच प्लेटा सुटून येणार.

माधवने मालकाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. उस्तादांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, गाडी एक किलोमीटरही हलवू नका, टोचन करून न्यायची. पलीकडून आवाज आला की संध्याकाळी सोनपेठला लग्न आहे, घरचे सगळे निघालेत, वरून तेल घाल आणि गाडी घेऊन ये. माधवने दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मालकाने शिवी दिली. मी तेलाचा डबा दिला आणि माधव गाडी घेऊन गेला.

सोनपेठच्या अलीकडे गाडी रस्त्यात बसली. लग्नाचे कपडे घातलेलं सगळं घर उन्हात उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी माधवला काढलं. पोरगा आडदांड चालवतो, त्यानेच गिअरबॉक्स फोडला, असं मालकाने चार जणांत सांगितलं. मालकाचं नाव मोठं, त्यामुळे माधवला परभणीत दुसरं कुणी स्टिअरिंगला हात लावू देईना.

हे कळलं त्या दिवशी उस्तादांनी भर दुपारी शेड बंद केलं आणि माझ्या दुकानात आले. "चल त्या मालकाकडं. फोनवरचं तू बी ऐकलंस."

माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक होतं. ते मी दाखवलं. खरं कारण वेगळं होतं. त्या संस्थेच्या सगळ्या स्कूलबसचं ऑइल माझ्या दुकानातून जायचं. उस्ताद एकटेच गेले.

अर्ध्या तासाने मला फोन आला. संस्थाचालकाचा. उस्ताद समोर बसलेत, असं त्याने सांगितलं आणि मग अगदी गोडीत विचारलं, "तुमच्या समोर मला कुणी गाडी चालवू नका म्हणालं होतं का?"

मी म्हणालो, रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता, नीट ऐकू आलं नाही.

माझं बोलणं तिथे स्पीकरवर उस्तादांना ऐकू जात होतं.

उस्ताद परत आले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्या दिवशी त्या मला हव्याच होत्या. ते पायरीवर उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरंच ऐकू आलं नव्हतं का?"

"आलं होतं."

"बरं," म्हणाले आणि शेडकडे गेले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून तेलाचा एक डबाही घेतला नाही, नांदेडहून मागवायला लागले. दाराला लागून दार, पण ते माझ्याकडे पाहत नसत. मला संताप यायचा. त्या संस्थाचालकाचा यायचा, त्याच्या गोड आवाजाचा यायचा. उस्तादांचाही यायचा, की हा माणूस दहा पैशाच्या चुकीला रस्ता डोक्यावर घेतो आणि माझ्यावर एकदा ओरडत का नाही. आणि स्वतःच्या जिभेचा तर आजही येतो.

चार महिन्यांनी मी संस्थेच्या कार्यालयात गेलो. सात-आठ माणसं बसली होती, त्यांच्यासमोर सांगितलं की त्या दिवशी मी सगळं ऐकलं होतं, माधवचा दोष नव्हता. संस्थाचालकाने चहा सांगितला. म्हणाला, "जुनी गोष्ट कशाला उकरताय?" पुढच्या आठवड्यापासून बसचं ऑइल दुसऱ्या दुकानातून जायला लागलं. माधवला ती नोकरी काही परत मिळाली नाही. तो पुण्याला निघून गेला होता, तिथे कुठल्याशा कंपनीचा टेम्पो चालवतो.

मी हे उस्तादांना सांगितलं नाही. त्यांच्या कानावर गेलंच असणार. तरी ते बोलले नाहीत.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना त्यांचं शेड गेलं. मुलगी हैदराबादेत आहे, तिच्याकडे जायचं ठरलं. टेम्पोत सामान भरत होते. पाने, जॅक, ऑइलचे ट्रे, सगळं एकट्याने. शेवटी वाइसचा शिकंजा बसवलेलं लोखंडी टेबल राहिलं. ते एकट्याने उचलण्यासारखं नव्हतं. टेम्पोवाला पान खायला गेला होता. उस्तादांनी एकदा जोर लावून पाहिला, टेबल हललं नाही.

मी दुकानातून उतरलो आणि दुसरं टोक धरलं. त्यांनी नको म्हटलं नाही. आम्ही दोघांनी टेबल उचललं, टेम्पोच्या फळीवर टेकवलं आणि आत ढकलायला लागलो.

"बोट सांभाळ," ते म्हणाले.