रिबेकाताईंच्या दारातले बूट

आमच्या मंडळात गणपतीसाठी माणसं जमवायला नाकी नऊ येतात, पण सिटीच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, घरभाडे-सबसिडीचा विषय निघू द्या, किस्से आपोआप जमतात! टोरांटोजवळच्या आमच्या शहरात कमी उत्पन्नवाल्यांना भाड्यात सूट मिळते, आणि काहीतरी निमित्त काढून बंदही होते. मग अपिलासाठी लोक येतात माझ्याकडे आणि जोगळेकरकडे. जोगळेकर पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. कायदा शिकलेला नाही, पण वाद घालायला कुणी शिकवावं लागत नाही!

*

पहिली केस नागपूरच्या धोट्यांची. त्यांचे मामेसासरे विंटरभर राहिले. सिटीने सबसिडी थांबवून विचारलं, "गेस्ट कधी जाणार?"

धोटे भडकले. "पाहुण्याला असं विचारतात का कुठे!"

जोगळेकरने हेच वाक्य इंग्रजी करून अपिलात घातलं. अपील फेटाळलं गेलं. मामेसासरे उन्हाळाही बघून गेले.

*

मग आल्या रिबेकाताई. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, नवरा गेल्यापासून एकट्या. सिटीकडून तपासणीला आलेल्या लिंडाला त्यांच्या दारात पुरुषाचे भलेमोठे बूट दिसले. घरात न कळवलेला पुरुष राहतो म्हणून सबसिडी बंद! ती गेली म्हणजे घरच गेलं. ताई रात्रंदिवस रडत होत्या.

"अहो," ताई म्हणाल्या, "एकट्या बाईच्या दारात पुरुषाचे बूट असावेत. कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमधून आणले."

"पण एवढे मोठे?"

"घाबरणारा नीट घाबरायला नको?"

*

जोगळेकर म्हणाला, "शनिवारी सुनावणीची प्रॅक्टिस करू. मी जज बनतो, तुम्ही भांडा."

"शनिवारी आमचा शब्बाथ, मी चूलही पेटवत नाही," ताई म्हणाल्या, "भांडण कुठून पेटवू?"

प्रॅक्टिस रविवारी झाली. जज झालेल्या जोगळेकरने ताईंना बोलूच दिलं नाही.

*

"बूट घरीच ठेवा, विषय वाढेल," असं जोगळेकरने चारदा बजावलं होतं. ताई सुनावणीला ग्रोसरीच्या पिशवीत ते घेऊनच आल्या!

सिटीच्या तीन माणसांच्या समितीसमोर जोगळेकरने मानवी हक्कांपासून सुरुवात केली. ताईंनी मध्येच बूट टेबलावर ठेवले. "घालून बघा कुणीतरी."

अध्यक्षांनी आढेवेढे घेत घातले. एक चढला. दुसराही चढला, पण ते उभे राहिले आणि खुर्चीवर आपटले.

दोन्ही बूट डाव्या पायाचे!

"म्हणून तर स्वस्त मिळाले," ताई म्हणाल्या. "घालायचे कुणाला होते?"

सगळे पोट धरून हसले. कोपऱ्यात बसलेली लिंडा तेवढी हसली नाही.

*

सबसिडी परत सुरू झाली. मला इतका आनंद झाला की पेढे घेऊन ताईंकडे गेलो. दारात फक्त त्यांच्या चपला.

"ताई, बूट कुठे गेले?"

"लिंडा घेऊन गेली काल," ताई चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "तीही एकटीच राहते."