कठड्याशी उभा जितेंद्र

जितेंद्र पागनीस वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना तुम्हाला तसं वाटणार आहे. कोटरा सुल्तानाबादला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो, मंडीदीपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. घराणं ग्वाल्हेरचं. पणजोबा संस्थानच्या पागेत घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहीत. सांगता सांगता हेच पणजोबा घोड्यावर कधी चढून बसले, ते पागनिसांनाही कळलं नाही. "काकू, घोडा आमच्या रक्तातच आहे," असं जितेंद्र म्हणायचा. स्वतः तो एकदाच घोड्यावर बसला, लग्नाच्या वरातीत. तेव्हाही लगाम दुसऱ्याच्याच हातात होता.

मुलीला मात्र खरंच येत होतं. शमिका तेरा वर्षांची. एरवी विचारलं तर उत्तर देईल न देईल अशी. पण तलावापलीकडच्या घोडेस्वारीच्या क्लबात शबनम नावाच्या घोडीवर बसली की पोरीची मान वर यायची. तिला बक्षिसं नको होती, ती घोडी हवी होती.

विनिता, तिची आई, एक दिवस खाली आली. "काकू, या रविवारी तुम्ही चला. माझं ऐकत नाहीत, तुम्हाला घाबरतात."

गेले. जितेंद्र कठड्यावर पोट टेकून उभा. "टाच खाली! शमू, पाठ सरळ! लगाम ओढ! अगं इतका नको!" पोरगी बापाकडे बघायची, की घोडी थबकायची. शिकवणारे श्यामसर गोड बोलून सांगून थकले होते. "पापाजी, कैंटीन में चाय बढ़िया है, पी आइए." हा जागचा हलेल तर शपथ.

मी म्हटलं, "जितेंद्र, त्या पोरीनं एका वेळी कुणाकुणाचं ऐकायचं?"

"मी नाही सांगणार तर कोण सांगणार, काकू?"

"ज्याला येतं तो."

तो हसला. माझं बोलणं त्यानं म्हातारीची चेष्टा समजून सोडून दिलं.

हिवाळ्यात क्लबाच्या स्पर्धा झाल्या. सकाळीच श्यामसरांनी सगळ्या आईबापांना बजावलं होतं: घंटा झाल्यावर स्वाराला बाहेरून कुणी काही सांगितलं, तर तो स्वार बाद. जितेंद्रनं सगळ्यांत जोरात मान हलवली.

शमिकानं तीन अडथळे स्वच्छ पार केले. चौथ्याकडे वळताना तिनं घोडी लांबून घेतली. शबनमला वळायला जागा लागते, म्हणून सरांनीच तिला तसं शिकवलं होतं. "वाट चुकली," जितेंद्र पुटपुटला. मी त्याची बाही धरली. काय उपयोग? "शमू! डावीकडे! डावीकडे वळ!"

घंटा वाजली. शमिका बाद.

हा पंचांच्या टेबलाशी धावला. "बाहर से मदद? मैं बाहरवाला हूँ? बाप हूँ उसका!" लोक हसत होते. शमिका खाली उतरून घोडीच्या गळ्यावर हात फिरवत राहिली, बापाकडे पाठ करून.

परतताना गाडीत हा तिलाच म्हणतो, "वाट बरोबर होती, तर माझ्याकडे कान कशाला दिलास?"

पुढच्या रविवारी ती उठली नाही. त्याच्या पुढच्याही. मी जितेंद्रला बोलावून घेतलं. "माफी माग तिची. सरळ, एका वाक्यात."

"मागितली की, काकू. म्हटलं, पुढच्या वेळी हळू आवाजात सांगेन."

आता बोला!

शेवटी पोरीनंच अट घातली. येईन, पण बाबा येणार नाहीत. क्लबात पाऊलसुद्धा नाही. विनितानं ती त्याच्याकडून कबूल करून घेतली आणि स्वतः तिला नेऊ लागली. दोन-तीन रविवार बरे गेले. शमिका जिन्यातून उतरताना मला हाक मारायची, "आजी, शबनम आज चावली नाही!" एवढंच, पण हाक मारायची. वाटलं, निभावलं.

एका रविवारी मी विनिताबरोबर गेले होते. पोरगी छान दौडत होती. अचानक तिनं घोडी थांबवली. मी तिच्या नजरेमागे बघितलं. तबेल्याच्या कोपऱ्याआड, स्कूटरशेजारी, हेल्मेटसुद्धा न काढता जितेंद्र उभा. तिनं आरडाओरडा केला नाही, रडलीही नाही. उतरली, लगाम श्यामसरांच्या हातात दिला आणि आमच्या गाडीत जाऊन बसली.

"मी एक शब्द तरी बोललो का?" तो मला विचारत होता. "काकू, तुम्ही साक्षीला आहात. एक शब्द?"

नव्हता बोलला. खरंच नव्हता. तेवढा त्याला मोह आवरला होता, आणि तेवढ्यानं काही भागणार नव्हतं, हे मी त्याला सांगितलं. कळलं नाही. काही माणसांना मुलाला एकटं सोडणं म्हणजे त्याला टाकून देणंच वाटतं. त्यांच्याशी वाद घालून मी थकले.

शमिका पुन्हा गेली नाही. विनितानं समजावलं, श्यामसर घरी येऊन गेले, मीही दोनदा बोलले. "नको, आजी," एवढंच म्हणते. आता रविवारी उशिरापर्यंत झोपते, उठली की मोबाइल. शबनम क्लबानं दुसऱ्या मुलीला दिली. "बरी बसते," परवा जितेंद्र जिन्यात मला म्हणाला, "पण टाच वर राहते तिची."