डोंगरकड्यावरचं टिंब

कनेरगाव नाक्यावर एका गृहस्थांचं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक आधार कार्डाची प्रत मागतं आणि प्रत काढता काढता ते वेबसाइट बनवायच्या एका खुल्या फ्रेमवर्कबद्दल बोलू लागतात. त्याला ते सांगाडा म्हणतात. कोणीही घ्यावा, बदलावा, त्यावर आपली वेबसाइट उभी करावी.

"फुकट हाय म्हंता, मंग खोट काय त्यात?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"फुकट न्हाई बाबा, खुला. खोट असंल तर उघडून बघता येते."

फुकट हा शब्द ते दर वेळी असाच दुरुस्त करतात.

भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आहे. ज्या गावात कोणी हा सांगाडा वापरू लागतं, तिथे ते लाल टिंब देतात. परवापर्यंत दोनच टिंबं होती, कनेरगाव आणि पुसेगाव.

हळद उत्पादकांच्या कंपनीची वेबसाइट बनवायचं काम आपल्याला मिळावं म्हणून ते वर्षभर खेटे घालत होते. परवा मी दुकानात असताना कळलं, ते काम डोंगरकड्याच्या एका बाईंना मिळालं. त्यांना सांगाडा यांनीच शिकवला होता.

"घ्या! अजून शिकवा," शेजारचा चहावाला म्हणाला. "काहून शिकवून राहिले सगळ्यायले?"

त्यांनी डोंगरकड्याला फोन लावला.

"ताई, कशात बनवून राहिल्या तुमी? आपल्याच सांगाड्यात? बराबर."

फोन ठेवून त्यांनी लाल पेन घेतलं आणि डोंगरकड्यावर टेकवलं. बराच वेळ उचललं नाही. ते टिंब इतर दोन टिंबांपेक्षा मोठं आहे.